मारिया चौक ते ऑपेराचा सज्जा: तिमिशोआरातील एका पायी सहलीचे परीक्षण

पश्चिम रोमानियातील तिमिशोआरा शहरात मी कामानिमित्त राहू लागले त्याला आता दोन वर्षे होतील. या काळात ऑपेरा आणि ऑर्थोडॉक्स कॅथेड्रल यांच्यामधल्या लांबट विजय चौकातून मी शेकडो वेळा गेले असेन. तिथल्या फुलांच्या वाफ्यांशी थांबले, मैत्रिणींची वाट पाहिली, पावसात धावतही गेले. पण त्या फरसबंदीवर काय घडून गेले आहे, हे मला शहरात पायी फिरवणाऱ्या एका लहानशा स्थानिक गटाच्या सहलीतच नीट समजले. ही सहल मी दोनदा केली, पहिल्यांदा ऑक्टोबरमध्ये एकटीने आणि दुसऱ्यांदा डिसेंबरमध्ये घरी आलेल्या पाहुण्यांना घेऊन. दोन्ही वेळचा अनुभव सारखा नव्हता. गटाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण माझ्या तक्रारीही आहेत आणि त्या सुधारता येण्याजोग्या आहेत. अशा सहली नेणारे आणखीही गट शहरात आहेत, त्यामुळे इथे लिहिलेले मुद्दे त्यांच्यापैकी कोणाकडेही नोंदणी करण्यापूर्वी विचारून घेता येतील.

सहल साडेतीन तासांची असते. ती सकाळी दहाला सुरू होते, इंग्रजीतून असते आणि माणशी ९० लेई (लेई हे रोमानियाचे चलन) घेतात. नोंदणी करताना गटात बारापेक्षा जास्त माणसे नसतील असे सांगण्यात आले होते. चालणे तसे फार नाही, शहराचा मध्यभाग सपाट आहे, पण उभे राहणे बरेच आहे, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनी ते लक्षात घ्यावे.

सहल जिथून सुरू होते ती जागा निवडणाऱ्याचे मला मनापासून कौतुक वाटते. या शहरात पाहुण्याला पहिल्यांदा नेतात ते एकता चौकात, कारण तिथे रंगीत बरोक इमारती आहेत, रोमन कॅथलिक डोम आहे, समोर सर्बियन ऑर्थोडॉक्स कॅथेड्रल आहे आणि छायाचित्र कुठूनही चांगले येते. ही सहल मात्र बेगा नदीच्या पलीकडे, मारिया चौकातल्या ट्रामच्या थांब्यावर सुरू होते. तिथे पाहण्यासारखे वरवर काहीच नाही. रहदारी आहे, विजेच्या तारा आहेत, आणि कोपऱ्यावर विटांची एक बहुमजली इमारत आहे, जी कोणी सांगितले नाही तर भाड्याच्या घरांची चाळ वाटावी. ते रिफॉर्म्ड या प्रॉटेस्टंट पंथाचे हंगेरियन चर्च आहे. १९८९ च्या डिसेंबरात लास्लो टोकेश तिथे पाद्री होते.

आमच्या मार्गदर्शक बाई साधारण पन्नाशीच्या होत्या. त्यांनी टोकेश यांची हकिगत वीरकथेसारखी सांगितली नाही. सरकारच्या गावे पाडण्याच्या धोरणावर आणि आपल्याच चर्चच्या वरिष्ठांच्या मिंधेपणावर हा पाद्री उघड बोलत असे, त्याची मुलाखत त्या उन्हाळ्यात हंगेरीच्या दूरचित्रवाणीवर दाखवली गेली, त्याच्या बिशपने त्याची बदली दूरच्या एका खेडेगावात केली, त्याने जाण्यास नकार दिला, आणि न्यायालयाने त्याला चर्चचे घर रिकामे करण्याचा आदेश दिला. मुदत १५ डिसेंबरची होती. त्या दिवशी त्याच्या मंडळीतले काही लोक घराभोवती उभे राहिले. ते बहुतेक हंगेरियन होते. दुसऱ्या दिवशी, म्हणजे १६ तारखेला, त्यांच्यात रोमानियन मिसळले, बाप्टिस्ट मिसळले, आणि मग ज्यांचा कोणत्याच चर्चशी संबंध नव्हता असे लोक आले.

इथे बाईंनी आम्हाला रस्त्याकडे तोंड करून उभे केले आणि ट्राम येईपर्यंत थांबायला लावले. ट्राम आली, थांबली, दारे उघडली, आठ-दहा माणसे उतरली, निघून गेली. त्या दिवशी संध्याकाळी योन मोनोरान नावाच्या कवीने इथेच ट्राम अडवल्या, आणि कामावरून घरी चाललेली माणसे त्या गर्दीत उतरली, असे त्यांनी सांगितले. पाद्र्याच्या घरासमोरची प्रार्थना शहराचे आंदोलन झाली ती त्या दारांतून. मी रोज याच मार्गाच्या ट्रामने जाते. त्या दिवसानंतर मारिया चौकात दारे उघडली की माझे लक्ष उतरणाऱ्यांच्या पायांकडे जाते.

चर्चच्या भिंतीवर एक फलक आहे. हुकूमशाही संपवणाऱ्या क्रांतीची सुरुवात इथे झाली, एवढेच त्यावर लिहिले आहे, पण ते रोमानियन, हंगेरियन, सर्बियन आणि जर्मन अशा चार भाषांत लिहिले आहे. बाईंनी आम्हाला फलक वाचायला पुरेसा वेळ दिला आणि मगच हे शहर ज्या प्रांतात आहे त्या बनातचा इतिहास काढला, हा क्रम मला फार योग्य वाटला. आधी भिंतीवर चार भाषा दिसतात आणि मग मनात प्रश्न येतो की एका शहराला चार भाषा कशा काय लागल्या. उत्तरही तिथेच उभ्या उभ्या मिळते. १५५२ मध्ये हे शहर ओटोमन साम्राज्याकडे गेले आणि दीडशेहून अधिक वर्षे तिथेच राहिले. १७१६ मध्ये ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजघराण्याचा सेनापती, साव्हॉयचा राजपुत्र यूजीन याने ते जिंकले आणि १७१८ च्या तहाने बनात हाब्सबुर्गांकडे आले. युद्धांनी ओसाड झालेली ही दलदलीची जमीन वसवण्यासाठी जर्मन भाषक शेतकरी डॅन्यूबमार्गे आणले गेले, बेगाचा कालवा खणला गेला. सर्ब, रोमानियन, हंगेरियन, ज्यू आधीपासून होते किंवा येत राहिले. पहिल्या महायुद्धानंतर प्रांताची वाटणी झाली आणि ऑगस्ट १९१९ मध्ये रोमानियन सैन्य शहरात आले. हे सगळे त्यांनी दहा मिनिटांत सांगितले, आणि त्याहून जास्त सांगण्याची गरजही नव्हती.

एक गोष्ट मात्र त्या सांगायला विसरल्या नाहीत. चौकातल्या मारियेच्या मूर्तीच्या जागेवरच १५१४ मध्ये शेतकऱ्यांच्या बंडाचा पुढारी डोझा याला तापवलेल्या लोखंडी सिंहासनावर बसवून मारले, अशी परंपरेने चालत आलेली समजूत आहे. देहदंड तिमिशोआरातच झाला हे इतिहासात नोंदलेले आहे, नेमकी जागा हीच हे मात्र परंपरा सांगते, असा फरक त्यांनी स्वतः केला. माहीत असलेले आणि ऐकीव यांच्यात त्या सतत रेघ ओढत होत्या, आणि या सहलीची खरी किंमत मला त्या रेघेत दिसते.

ती रेघ किती महत्त्वाची आहे हे पुढच्या टप्प्यावर कळते. १६ डिसेंबर १९८९ हेच नाव मिळालेल्या रस्त्याने आपण बेगावरचा पूल ओलांडतो आणि कॅथेड्रलच्या पायऱ्यांशी येतो. १७ तारखेला पहाटे पोलिसांनी टोकेश यांना उचलून नेले. त्याच दिवशी लोक कम्युनिस्ट पक्षाच्या जिल्हा कार्यालयात घुसले आणि देशाचा हुकूमशहा चाउशेस्कू याच्या तसबिरी आणि पुस्तके खिडक्यांतून खाली फेकली. संध्याकाळपासून सैन्याने गोळीबार सुरू केला. १८ तारखेला मेणबत्त्या घेऊन या पायऱ्यांवर जमलेल्या तरुणांवर गोळ्या झाडल्या गेल्या. पायऱ्या रुंद आहेत, पायाखाली झिजलेल्या आहेत, आणि डिसेंबरच्या सहलीच्या दिवशी त्यांच्या कडेला मेणाचे जुने ओघळ दिसत होते. कोणीतरी अजूनही तिथे मेणबत्त्या लावते.

इथे बाईंनी पिशवीतून एक प्लॅस्टिकची फाईल काढली. त्यात जुन्या वर्तमानपत्रांतल्या छायाचित्रांच्या प्रती होत्या. एका छायाचित्रात जमिनीवर एका स्त्रीचे प्रेत होते आणि तिच्या अंगावर एका तान्ह्या मुलाचे. डिसेंबर १९८९ मध्ये हे छायाचित्र आई आणि मुलाचे म्हणून जगभर छापले गेले. ती आई नव्हती आणि ते तिचे मूल नव्हते. दोघेही उठावाच्या आधीच वेगवेगळ्या आजारांनी मेले होते आणि गरिबांच्या दफनभूमीत पुरले होते. उठावातले बळी शोधण्यासाठी ती दफनभूमी उकरली गेली, प्रेते बाहेर काढून मांडली गेली आणि कॅमेऱ्यांनी ती टिपली. त्याच दिवसांत शेजारच्या देशांतल्या वृत्तसंस्था तिमिशोआरात चार हजारांहून अधिक माणसे मारली गेल्याचा आकडा देत होत्या, आणि पश्चिमेकडची वर्तमानपत्रे तो छापत होती.

मग त्यांनी फाईल बंद केली आणि दुसरी गोष्ट सांगितली. १८ आणि १९ डिसेंबरच्या मधल्या रात्री जिल्हा रुग्णालयाच्या शवागारातून चाळीसहून अधिक प्रेते गुपचूप बुखारेस्टला नेण्यात आली. तिथल्या दाहगृहात ती जाळली गेली आणि राख राजधानीबाहेरच्या पोपेश्ती-लेओर्देनी येथील गटारात ओतली गेली. हेतू हा होता की मेलेल्यांची ओळख पटू नये आणि ते परदेशी पळाले असे सांगता यावे. म्हणजे ज्या आठवड्यात जग या शहरातल्या हजारो काल्पनिक मृतांसाठी हळहळत होते, त्याच आठवड्यात इथल्या खऱ्या मृतांना राज्ययंत्रणा नाहीसे करत होती. संपूर्ण देशात त्या डिसेंबरात ११०४ माणसे मेली असे अधिकृत आकडे सांगतात, आणि त्यांपैकी १६२ मृत्यू २२ डिसेंबरला चाउशेस्कू पळून जाण्याच्या आधीचे आहेत. उरलेले सगळे त्यानंतरचे, जेव्हा हुकूमशहा पळून गेला होता आणि कोण कोणावर गोळ्या झाडतो आहे हे कोणालाच कळत नव्हते. बाईंनी हे आकडे एकेक करून, सावकाश सांगितले. त्यांचा आवाज चढला नाही. चार हजारांचा आकडा खोटा होता म्हणून काही लोक आजही सगळा उठावच बनाव होता असे म्हणतात, आणि राख गटारात गेली म्हणून ज्यांच्या घरी पुरायलाही काही उरले नाही त्यांना ते ऐकावे लागते, एवढेच त्या म्हणाल्या. माझ्या मते या एका थांब्यासाठी सगळी सहल करावी.

इथून पुढे विजय चौक. चौकाच्या एका टोकाला कॅथेड्रल, दुसऱ्या टोकाला ऑपेराची इमारत, आणि मध्ये रोमने १९२६ मध्ये भेट दिलेली लांडगीणीची मूर्ती. ऑपेराच्या इमारतीत रोमानियन राष्ट्रीय रंगभूमीबरोबरच जर्मन आणि हंगेरियन सरकारी नाट्यगृहेही आहेत, ही गोष्ट बाईंनी चालता चालता सांगितली. मला वाटते तिच्याकडे जरा थांबून पाहायला हवे होते. फलकावरच्या चार भाषांपैकी तीन भाषांत या एका छपराखाली आजही नाटके होतात, आणि क्रांतीचा सज्जाही त्याच इमारतीचा आहे.

सज्जाखाली मात्र आम्ही भरपूर थांबलो. १९ तारखेला एल्बा कारखान्यातल्या स्त्री कामगारांनी काम बंद पाडले. एल्बात दिवे बनत. या शहरात १२ नोव्हेंबर १८८४ रोजी ७३१ दिव्यांनी रस्ते उजळले आणि युरोपच्या मुख्य भूमीवर विजेचे रस्त्यावरचे दिवे आलेले हे पहिले शहर ठरले, याचा इथल्या लोकांना मोठा अभिमान आहे, आणि तो प्रत्येक पत्रकात सापडतो. एल्बातल्या बायकांची गोष्ट त्या पत्रकांत नसते. ती या सहलीत आहे. २० तारखेला कारखान्यांमधून कामगार रांगा करून या चौकात आले, सैनिक मागे सरले, काही ठिकाणी त्यांनी लोकांना मिठ्या मारल्या, आणि याच सज्जावरून तिमिशोआरा हे कम्युनिझमपासून मुक्त झालेले पहिले शहर असल्याचे जाहीर करण्यात आले. पंतप्रधान दस्कलेस्कू वाटाघाटींसाठी शहरात आले होते. देशाच्या दक्षिणेकडील ओल्तेनिया प्रांतातून कामगारांना आगगाड्यांमध्ये बसवून, हातात दांडकी देऊन, तिमिशोआरातल्या गुंडांना आवरायला म्हणून पाठवण्यात आले. ते आले, त्यांनी पाहिले की चौकात आपल्यासारखेच कामगार उभे आहेत, आणि अनेक जण त्यांच्यातच मिसळले. बाईंनी आम्हाला त्या दिवसांतली घोषणा रोमानियनमध्ये म्हणून दाखवली, ‘आझि इन तिमिशोआरा, म्यिने-न तोआता त्सारा’, म्हणजे आज तिमिशोआरात, उद्या सगळ्या देशात. त्यांना ही घोषणा कशी पाठ, असे कोणीतरी विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की त्या चौदा वर्षांच्या होत्या आणि वडिलांच्या खांद्यापर्यंत पोहोचत होत्या. आम्ही विचारले नसते तर त्यांनी हे सांगितले नसते.

आता जिथे सहल कमी पडते तिथे येते. चौकातून आपण हुन्यादी किल्ल्याकडे वळतो, तिथून स्वातंत्र्य चौक, मग एकता चौक, आणि शेवटी मारिया थेरेसा बुरुजापाशी निरोप. या तासाभरात सगळे घाईघाईने उरकले जाते. किल्ला चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला हंगेरीचा राजा, अंजू घराण्यातला कारोली रॉबर्ट याने बांधला, हंगेरियन सेनानी यानोश हुन्यादीने पुढच्या शतकात तो पुन्हा उभारला, १८४९ मध्ये १०७ दिवसांच्या वेढ्यात त्याचे खूप नुकसान झाले, हे धावत सांगून झाले. याबद्दल माझी तक्रार नाही, कारण हे कोणत्याही फलकावर वाचता येते. माझी तक्रार अशी आहे की विसाव्या शतकाचा मधला भाग जवळजवळ गाळला जातो. जानेवारी १९४५ मध्ये या प्रांतातल्या जर्मन स्त्री-पुरुषांना सोव्हिएत संघात मजुरीसाठी नेले गेले. जून १९५१ मध्ये युगोस्लाव्ह सीमेलगतच्या गावांमधून सुमारे ४०,००० माणसांना रातोरात उचलून देशाच्या आग्नेयेकडील बरागानच्या उघड्या माळरानावर सोडले गेले, आणि त्यांत रोमानियन, सर्ब, जर्मन सगळेच होते. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत चाउशेस्कूच्या राजवटीने पश्चिम जर्मनीकडून माणशी पैसे घेऊन जर्मनांना देश सोडू दिला. चार भाषांच्या फलकातली जर्मन भाषा आज रस्त्यावर का ऐकू येत नाही, याचे उत्तर या तीन घटनांमध्ये आहे. मारिया चौकात बनातचा इतिहास इतका सुंदर उघडून दाखवल्यावर तो प्रश्न श्रोत्यांच्या मनात उभा राहतोच, आणि त्याला वाऱ्यावर सोडणे योग्य नाही. पहिल्या सहलीच्या शेवटी मी हे बाईंना बोलून दाखवले. वेळ पुरत नाही, हे त्यांनी मान्य केले.

डिसेंबरच्या सहलीत मार्गदर्शक दुसरा होता, एक तरुण, क्रांतीनंतर जन्मलेला. त्याला पायऱ्यांवरची आणि सज्जाखालची गोष्ट बाईंसारखी सांगता आली नाही. तारखा बरोबर होत्या, पण तो आमच्याकडे पाहून बोलत होता आणि बाई चौकाकडे पाहून बोलत असत. मात्र १९९० नंतरचे राजकारण त्याने ज्या जिव्हाळ्याने समजावले, ते पहिल्या सहलीत अजिबात नव्हते, आणि त्यामुळे मला शहराचा दुसरा अर्धा भाग कळला. ११ मार्च १९९० रोजी याच ऑपेराच्या सज्जावरून तिमिशोआराचा जाहीरनामा वाचला गेला. तो लिहिणाऱ्यांत जॉर्जे शेर्बान प्रमुख होते. त्यातला आठवा मुद्दा सगळ्यांत गाजला. कम्युनिस्ट पक्षाचे पूर्वीचे कार्यकर्ते आणि सेकुरिताते या गुप्त पोलीस खात्याचे अधिकारी यांना पुढच्या लागोपाठ तीन संसदांसाठी निवडणूक लढवू देऊ नये, अशी ती मागणी होती. ती कायद्यात आली नाही. त्याच वर्षी मेमध्ये योन इलिएस्कू, जे स्वतः पक्षाच्या वरच्या पायऱ्या चढून आलेले होते, ८५ टक्क्यांहून अधिक मते मिळवून राष्ट्राध्यक्ष झाले. बुखारेस्टच्या विद्यापीठ चौकात आठव्या मुद्द्यासाठी आठवड्यानुआठवडे बसलेल्या निदर्शकांना जूनमध्ये खाणकामगारांच्या झुंडींनी हुसकावून लावले. ज्या शहराने २० डिसेंबरला स्वतःला मुक्त म्हणून जाहीर केले, त्याची सगळ्यांत महत्त्वाची मागणी पाच महिन्यांत बाजूला पडली, आणि त्या निराशेचा पुढच्या तीन दशकांतल्या मतदानावर किती परिणाम झाला हे त्या तरुणाने नगरपालिकेच्या इतिहासातून दाखवले.

१९९६ ते २०१२ पर्यंत ग्यॉर्गे च्युहांदू महापौर होते, ते साम्यवादापूर्वीच्या जुन्या शेतकरी पक्षाच्या वारशातले. त्यांच्यानंतर २०१२ ते २०२० निकोलाए रोबू. आणि २०२० च्या सप्टेंबरमध्ये डॉमिनिक फ्रिट्झ निवडून आले, जे जर्मनीत जन्मले, जर्मनीचे नागरिक होते आणि तेव्हा रोमानियाचे नागरिक नव्हते. युरोपीय संघाचा कोणताही नागरिक तो राहतो त्या सदस्य देशात स्थानिक निवडणूक लढवू शकतो, म्हणून हे शक्य झाले. महापौराची निवडणूक रोमानियात एकाच फेरीत होते, सर्वाधिक मते मिळवणारा निवडून येतो, त्यामुळे मतांची फाटाफूट फार महत्त्वाची ठरते. फ्रिट्झ २०२४ मध्ये पुन्हा निवडून आले. मार्गदर्शकाने त्यांचे नुसते कौतुक केले नाही. २०२१ च्या हिवाळ्याच्या तोंडावर शहराला गरम पाणी आणि उष्णता पुरवणाऱ्या यंत्रणेचा गॅस थकबाकीमुळे बंद झाला आणि हजारो घरे थंड राहिली, तेव्हा नव्या महापौरांवर केवढी टीका झाली, हेही त्याने सांगितले. ही थकबाकी अनेक वर्षे साचत आलेली होती, हेही सांगितले. त्या दोन वाक्यांतून मला नगरपालिकेच्या राजकारणाची जेवढी कल्पना आली, तेवढी दोन वर्षे बातम्या चाळून आली नव्हती.

मी अपेक्षेने विचारले की आपण जरा चालत नगरपालिकेच्या इमारतीपर्यंत जाऊ या का, ती लोगा मार्गावर फार दूर नाही. वेळ संपली होती. आणि वेळ संपण्याचे कारण होते गटाचा आकार. बाराची मर्यादा सांगून नोंदणी घेतली होती, प्रत्यक्षात आम्ही तेवीस होतो. पूल ओलांडताना, ट्रामच्या आवाजात, मागच्या रांगेला एक शब्दही ऐकू येत नव्हता. ऑक्टोबरच्या सहलीत आम्ही नऊजण होतो आणि मारिया चौकात बाईंनी आवाज न चढवता बोलणे शक्य झाले होते. डिसेंबरमध्ये त्याच जागी मार्गदर्शकाला ओरडून बोलावे लागले, आणि ती गोष्ट ओरडून सांगण्याची नाही. माझ्या पाहुण्यांपैकी एकीने कॅथेड्रलच्या पायऱ्यांशी मला हळूच विचारले की फाईलमध्ये काय दाखवले, कारण ती पुढे पोहोचू शकली नव्हती. मार्गदर्शकाचा आवाज थेट कानात ऐकवणारी छोटी यंत्रे असे गट वापरतात, इथे ती नव्हती. डिसेंबर हा स्मृतिदिनांचा महिना आहे, गर्दी होणार हे गटालाही ठाऊक असते, म्हणून ही हलगर्जी मला खटकली. मी लेखी तक्रार केली. चार दिवसांनी उत्तर आले, त्यात माफी होती आणि पुढच्या सहलीला सूट देण्याचे आश्वासन होते. पैसे परत मिळाले नाहीत. मी ते मागितलेही नव्हते, मला फक्त बारा हा आकडा पाळला जायला हवा होता.

क्रांतीचे स्मारक संग्रहालय सहलीत समाविष्ट नाही, हे नोंदणीच्या वेळी स्पष्ट सांगितलेले नसते. तिथे स्वतंत्रपणे जावे लागते आणि जावेच. मी सहलीनंतर गेले आणि ते बरे झाले असे वाटते, कारण रस्त्यावर ऐकलेल्या नावांचे चेहरे तिथे भिंतींवर भेटतात. शहरभर उभारलेली क्रांतीची स्मारकशिल्पेही सहलीच्या वाटेवर दोन-तीनच लागतात. ती सगळी पाहायची असतील तर वेगळा दिवस काढावा, आणि लिपोव्हा मार्गावरच्या दफनभूमीतल्या वीरांच्या स्मारकापर्यंत जावे.

सहल घ्यावी का, या प्रश्नाला माझे उत्तर हो असेच आहे, पण दोन अटींवर. नोंदणी करताना गटात किती माणसे असतील हे लेखी विचारून घ्यावे, आणि डिसेंबरचा तिसरा आठवडा शक्यतो टाळावा. ज्यांना रोमानियाच्या राजकारणात रस आहे त्यांनी मार्गदर्शकाला आधीच कळवावे की १९९० नंतरच्या घडामोडींवर अर्धा तास तरी हवा, मग किल्ल्याकडचा भाग गाळला तरी चालेल. पायात चांगले बूट घालावेत, कारण एकता चौकातली फरसबंदी पावसात निसरडी होते. मारिया चौकाला जाताना टॅक्सी करू नये. ट्रामनेच जावे, दारे उघडली की उतरावे, आणि चर्चच्या भिंतीवरचा फलक मार्गदर्शक येण्यापूर्वी एकदा स्वतः वाचून घ्यावा.